आगकाड्या नाचविणारे दादासाहेब

‘मेरी पॉपिन्स’ या १९६४ सालच्या विनोदी चित्रपटात हाडामांसाची माणसे रेखाटलेल्या प्राण्यांबरोबर नाचताना दिसतात. निर्जीवाला पडद्यावर चालते करण्याची अशीच किमया आपल्याकडे त्याच्या पुष्कळ आधी, १९१५ साली, साध्या आगकाड्यांवर साधली गेली होती. ती साधणारे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, एवढेच काय, जादूचे प्रयोगही त्यांनी आत्मसात केले. जादूगार म्हणून त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते! आमच्या मते त्यांचा सारा स्वभाव या एका गमतीत दिसतो.

चाळिशीच्या सुमारास त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना दुसरे काही सुचेना. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याच्या व प्रयोग करण्याच्या ध्यासापायी त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. औषधोपचाराने ती परत आली, तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली त्यांनी लंडन गाठले आणि तेथे कॅमेरा खरेदी केला.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व त्याची वाढ थोड्याथोड्या वेळाने टिपली. तिगावच्या शिवारात तूर उगवताना आपण दरवर्षी पाहतो. पण ती वाढताना कोणाला दिसते? दादासाहेबांच्या पडद्यावर दाण्याचा वेल काही क्षणांत झाला. तरीही पैसा अपुराच पडला आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. या बाईंनी मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, फिल्मला छिद्रे पाडली, ती धुण्याचे कामही केले. त्यांच्यावाचून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला नसता, असे आम्हांस वाटते.

पुढे महायुद्ध पेटले. पैसा आटला, कोरी फिल्म मिळेनाशी झाली. मोठी कथा हाती घेणे कठीण, म्हणून दादासाहेब छोट्या पटांकडे वळले. ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांतलाच. काडी किंचित हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा हलवावयाची, पुन्हा एक चित्र. त्या काळी पडद्यावरील एका सेकंदासाठी सुमारे १६ चित्रे लागत. हे सारे प्रेक्षकांच्या घटकाभर करमणुकीसाठी!

तो पट आज उपलब्ध नाही. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा शिल्लक आहे. त्यात त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभी ती साध्या मुलीसारखी नाना मुद्रा करून दाखविते आणि पाहता पाहता कृष्ण होते.

१९३७ साली ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा, बोलका चित्रपट आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ साली.