जॉन लॉक आणि राजसत्तेची मर्यादा

रविवारच्या शाळेत रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय शिकवायला घेतला की बहुतेक दर वर्षी कोणीतरी मूल तोच प्रश्न विचारते. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे प्रेषित पौल सांगतो. मग उद्या सरकारने अमक्याच देवळात जा, अमकीच प्रार्थना म्हण असे फर्मावले, तर काय करायचे? पुष्कळ वर्षे मी ह्या प्रश्नाला वरवरचे उत्तर देत आलो. दानीएल आणि सिंहांची गोष्ट सांगायची आणि तास संपण्याची वाट पाहायची. पुढे धर्मज्ञानाच्या पदविकेसाठी अभ्यास करताना जॉन लॉकचे चरित्र वाचनात आले. राजकारणात ज्याला उदारमतवाद म्हणतात त्याचा जनक म्हणून लॉकचे नाव घेतात. हा शब्द हल्ली कोणी बिल्ल्यासारखा मिरवतो, कोणी शिवीसारखा फेकतो. परंतु लॉकच्या बाबतीत त्याचे मूळ मुलांच्या ह्याच प्रश्नात आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

लॉकचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन ह्या गावी झाला. आईबाप प्युरिटन वळणाचे. वडील लहानसे वकील होते. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट ह्यांच्यात युद्ध जुंपले तेव्हा ते पार्लमेंटच्या घोडदळात कप्तान झाले. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ते लढले, त्याच्याच शिफारशीने मुलाला लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत जागा मिळाली. ३० जानेवारी १६४९ रोजी शाळेपासून थोड्याच अंतरावर राजाचा शिरच्छेद झाला. त्या दिवशी मुख्याध्यापक बझ्बी ह्यांनी मुलांना घेऊन राजासाठी प्रार्थना केली. घरी पार्लमेंटचा पक्ष, शाळेत राजाचा. सोळा वर्षांच्या मुलाने कोणाचे खरे मानायचे?

१६५२ मध्ये तो ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाला व पुढे तेथेच शिकवू लागला. आता जी गोष्ट सांगतो ती वाचून मला प्रथम धक्काच बसला. दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला, त्या सुमारास लॉकने राजाच्या अधिकाराविषयी दोन निबंध लिहिले, आणि त्यांत त्याने राजाचीच बाजू घेतली! पाळकाने पांढरा झगा घालावा की नाही, प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावे की नाही, अशा ज्या गोष्टींविषयी पवित्र शास्त्रात स्पष्ट आज्ञा नाही, त्या राजाने ठरवाव्यात व प्रजेने मुकाट्याने पाळाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. यादवीच्या रक्तपाताने तो कंटाळून गेला होता. माणसे धर्मावरून भांडतात, तेव्हा वरून कोणीतरी दम देऊन सर्वांना गप्प करावे, असे त्याला वाटले. आजही कितीतरी भल्या माणसांना असेच वाटते. ते निबंध त्याने कधी छापले नाहीत.

वरून गप्प केल्यावर काय होते, ते लौकरच दिसून आले. १६६२ च्या कायद्याने सर्व उपासना एकाच प्रार्थनापुस्तकाप्रमाणे करणे सक्तीचे झाले, आणि हे मान्य नसलेल्या सुमारे दोन हजार पाळकांना आपल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या. १६६४ च्या कायद्याप्रमाणे घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी वेगळ्या उपासनेसाठी जमणे हा गुन्हा ठरला. आपल्याकडे हरि केशवजींनी १८४१ मध्ये यात्रिकक्रमण ह्या नावाने मराठीत आणलेल्या ग्रंथाचा कर्ता जॉन बनियन, परवान्यावाचून उपदेश केला म्हणून ह्याच काळात बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात होता. इतके करूनही लोकांची मने बदलली नाहीत. तुरुंग मात्र भरले.

लॉकचे मत पालटण्यास दुसरेही एक कारण घडले, आणि ते पुस्तकातले नव्हते. १६६५ च्या अखेरीस तो एका वकिलातीचा चिटणीस म्हणून जर्मनीतील क्लीव्ह्ज ह्या गावी गेला. तेथे कॅल्विनपंथी, लूथरपंथी व रोमन कॅथलिक आपापल्या देवळांत उपासना करीत होते, आणि रस्त्यात भेटल्यावर एकमेकांशी नीट बोलत होते. कोणी कोणाला बाटवण्यासाठी शिपाई आणीत नव्हते. आपल्या मित्राला, प्रसिद्ध शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलला, त्याने हे सर्व मोठ्या नवलाने कळवले. अनेक पंथ एका गावात नांदले तर गाव मोडते, ही त्याची समजूत त्या गावानेच मोडून काढली.

लॉक वैद्यकही शिकला होता. पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल झालेल्या लॉर्ड अॅश्ली ह्या मुत्सद्द्याची व त्याची १६६६ मध्ये ओळख झाली, आणि वर्षभरात तो त्याच्या लंडनच्या घरी राहावयास गेला. १६६८ मध्ये अॅश्लीच्या यकृताला गळू होऊन तो मरणाच्या दारी पोचला. लॉकच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली, पोटात एक नळी बसवण्यात आली, आणि अॅश्ली पुढे पंधरा वर्षे जगला. त्या काळी हे मोठेच धाडस. ह्या आश्रयामुळे लॉक राजकारणात ओढला गेला आणि ह्याच आश्रयामुळे पुढे संकटातही पडला. राजाविरुद्धचा कट उघडकीस आला म्हणून १६८३ मध्ये धरपकड सुरू झाली, शाफ्ट्सबरीच्या पक्षाची माणसे फासावर गेली, आणि लॉक हॉलंडला निघून गेला. पुढच्याच वर्षी राजाच्या हुकुमाने ऑक्सफर्डमधील त्याची जागा काढून घेण्यात आली. त्याला पकडून द्यावे अशी मागणी इंग्लंडने केली, तेव्हा अॅम्स्टरडॅममध्ये एका डॉक्टरच्या घरी तो खोटे नाव घेऊन लपून राहिला. वय पन्नाशीच्या पुढे, सोबतीला दम्याचा जुना विकार, आणि गाव परके.

अशा स्थितीत ऑक्टोबर १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला. सैनिकांना प्रॉटेस्टंटांच्या घरांत उतरवून, ते धर्म बदलीपर्यंत घर लुटू द्यायचे, असा उद्योग त्याआधीच चालू होता. सुमारे दोन लाख लोक देश सोडून पळाले. पुष्कळ जण हॉलंडला आले. लॉक त्याआधी काही वर्षे फ्रान्समध्ये राहिला होता, आणि प्रॉटेस्टंटांची देवळे पाडली जात असल्याची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली होती. मेजवानीच्या दाखल्यात धनी दासाला लोकांना आग्रहाने आत आणण्यास सांगतो (लूक, अध्याय १४), त्या वचनाचा आधार ह्या जुलमाला दिला जात होता. प्रभूच्या मेजवानीचे आमंत्रण आणि शिपायाची बंदूक!

त्या हिवाळ्यात लॉकने आपला हॉलंडमधील मित्र, धर्मशास्त्राचा अध्यापक फिलिप व्हान लिंबोर्ख ह्याला उद्देशून लॅटिनमध्ये एक लांब पत्र लिहिले. तेच सहिष्णुतेविषयीचे पत्र. १६८९ मध्ये हॉलंडमधील गौडा येथे ते लेखकाच्या नावावाचून छापले गेले.

त्यातील विचार थोडक्यात असा. राज्य हे माणसांनी आपले जीवित, स्वातंत्र्य, शरीर व मालमत्ता ह्यांच्या रक्षणासाठी उभारलेले असते. आत्म्याच्या तारणाचे काम कोणीही राजाकडे सोपवलेले नाही. देवाने नाही आणि प्रजेनेही नाही, कारण आपला विश्वास दुसऱ्याच्या हवाली करणे कोणालाच शक्य नसते. राजाचे साधन म्हणजे दंड. दंडाने हात बांधता येतात, जीभ वळवता येते. मनाला एखादी गोष्ट खरी वाटू लागावी, हे दंडाने होत नाही. न पटलेली उपासना देवालाही मान्य नसते. मंडळी ही माणसांनी आपखुशीने केलेली संगत आहे. तिला आपले नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला बाहेरही काढता येईल. परंतु बाहेर काढलेल्याचे घर, शेत, धंदा अथवा नागरिक म्हणून असलेला कोणताही हक्क तिला हिरावता येणार नाही.

त्याची उदाहरणे घरगुती आहेत. तान्ह्या मुलांना अंघोळ घातल्याने रोग टळतात असे सरकारला दिसले, तर सरकारने तसा कायदा खुशाल करावा. म्हणून मुलांना बाप्तिस्मा देण्याचा कायदा त्याला करता येत नाही. पाणी तेच. एखाद्याला घरी आपले वासरू मारण्याची मोकळीक असेल तर उपासनेतही ते मारण्यास बंदी नसावी. पण गुरांची साथ येऊन खिल्लारे कमी झाली, तर सरकारने सर्वांनाच काही काळ वासरे मारण्यास मनाई करावी. तो कायदा गुरांविषयीचा झाला, धर्माविषयीचा नव्हे. कायदा कशासाठी केला आहे, हे लॉक प्रत्येक वेळी विचारतो.

आणि मुलांचा तो प्रश्न? लॉकचे उत्तर दोन भागांत आहे. कायदा लोकांच्या ऐहिक हितासाठी केलेला असेल आणि तरीही एखाद्याच्या सदसद्विवेकबुद्धीला तो पटत नसेल, तर त्याने ते कृत्य करू नये आणि त्याबद्दलची शिक्षा निमूटपणे सोसावी. परंतु परका धर्म पत्करा, अमक्याच देवळात जा, असे सरकार सांगू लागले, तर ते आपल्या अधिकाराबाहेर गेले. असा कायदा विवेकाला बांधीत नाही. हल्ली मी वर्गात हेच सांगतो, आणि दानीएलाची गोष्ट त्यानंतर सांगतो.

लॉकने ही मोकळीक यहूदी, मुसलमान व मूर्तिपूजक ह्यांनाही दिली. धर्मामुळे त्यांचे नागरी हक्क जाऊ नयेत असे त्याने स्पष्ट लिहिले. तरी दोन दारे त्याने बंद ठेवलीच. देव नाही असे म्हणणाऱ्याची शपथ विश्वासार्ह नसते, म्हणून नास्तिकाला सवलत नाही. आणि ज्यांची निष्ठा परक्या राजाशी बांधलेली आहे त्यांनाही नाही. हा दुसरा रोख त्या काळच्या कॅथलिकांवर होता असे समजले जाते. अल्पसंख्याकाची निष्ठा देशाबाहेर आहे, हा आरोप आपणा ख्रिस्ती लोकांवरही झालेला आहे. म्हणून लॉकच्या पत्रातले हे पान वाचताना मी अडखळतो. आपल्या काळच्या भीतीपुढे हा एवढा विचारी माणूसही वाकला.

आपल्या पूर्वजांचे हातही स्वच्छ नाहीत. १५५३ मध्ये प्रॉटेस्टंट जिनीव्हात सर्व्हेटसला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या कोठडीत राहून आलेला फ्रेंच वैद्य देलों ह्याने आपली हकीकत १६८७ मध्ये हॉलंडमधील लायडन येथेच छापली. लॉक तेव्हा त्याच देशात होता. लिंबोर्खने पुढे १६९२ मध्ये इन्क्विझिशनचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात गोव्याची हकीकतही आली आहे.

१६८८ मध्ये इंग्लंडमध्ये राज्यक्रांती झाली आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये राजकन्या मेरीच्या जहाजातून लॉक मायदेशी परतला. त्याच वर्षी पार्लमेंटने सहिष्णुतेचा कायदा केला. तो अपुरा होता, कॅथलिकांना आणि त्रैक्य न मानणाऱ्यांना त्यात जागा नव्हती, हे लॉकला ठाऊक होते. तरी सुरुवात झाली ह्याचा त्याला आनंद झाला. ह्याच सुमारास राज्यशासनावरील त्याचे दोन प्रबंध बाहेर पडले, तेही नावावाचून. राजांना आदामापासून वारशाने सत्ता मिळाली आहे, असे रॉबर्ट फिल्मर नावाच्या लेखकाने मांडले होते. लॉकने उत्पत्तीचे पुस्तक उघडून ते खोडून काढले. फिल्मर दहा आज्ञांतील पित्याचा मान तेवढा सांगतो आणि मातेला गाळतो, हे त्याने नेमके पकडले. सर्व माणसे जन्मतः मोकळी व समान आहेत, सरकार प्रजेच्या संमतीने चालते आणि सत्ता ही विश्वस्ताकडे दिलेल्या ठेवीसारखी आहे. विश्वस्ताने ठेव गिळली तर ती परत घेण्याचा प्रजेला अधिकार आहे, असे दुसऱ्या प्रबंधाचे सार आहे.

माणसे जन्मतः मोकळी, असे लिहिणाऱ्या ह्याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. काही वर्षांनी त्याने आपले भाग विकले. अमेरिकेतील कॅरोलिना वसाहतीची १६६९ ची घटना तयार होताना तो मालकांचा चिटणीस होता. तिच्यात कोणत्याही सात जणांना मिळून मंडळी स्थापन करण्याची मुभा आहे. गुलामालाही हव्या त्या मंडळीत जाता येईल असे तिच्यात म्हटले आहे, आणि त्यामुळे मालकाची त्याच्यावरील सत्ता तिळभरही कमी होणार नाही असेही म्हटले आहे. ही कलमे लॉकची स्वतःची किती, ह्यावर विद्वानांत वाद आहे. त्याने ती वाचली होती, ह्यात वाद नाही.

आपल्या देशाच्या घटनेने २६ जानेवारी १९५० पासून पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले. लॉकने बंद ठेवलेली दोन्ही दारे तिने उघडली. तरी हद्दीचा प्रश्न मिटलेला नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यात, धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे असे कलम आले. बळजबरी आणि फसवणूक ह्यांना शिक्षा करणे हे सरकारचे काम आहे, हे लॉकही मान्य करील. धर्माच्या नावाने कोणी बळजबरी केली तर आपणही ते मान्य करू नये. पण कोणावर जुलूम झाला नसता, एखाद्याच्या मनात काय पालटले ते दंडाधिकाऱ्याने का नोंदवून घ्यावे, हे त्याने नक्कीच विचारले असते. तो हाच प्रश्न आपल्या वडीलमंडळांनाही विचारील: मंडळी सोडून दुसऱ्या पंथात गेलेल्या कुटुंबाच्या लग्नाला अथवा मयतीला जायचे नाही असे कोठे ठरते, तेव्हा तो कोणत्या अधिकाराने ठरतो?

लॉकची शेवटची वर्षे एसेक्स परगण्यातील ओट्स ह्या गावी, मॅशम कुटुंबाच्या घरी गेली. लंडनच्या धुराने त्याचा दमा वाढे, म्हणून तो १६९१ पासून तेथेच राहिला. मुलांच्या शिक्षणावरचे त्याचे पुस्तक १६९३ मध्ये निघाले. आयुष्याच्या अखेरीस तो पौलाच्या पत्रांवर टीका लिहीत बसे. ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी लेडी मॅशम त्याला स्तोत्रे वाचून दाखवीत असताना त्याने प्राण सोडला. हाय लेव्हर गावच्या देवळाच्या आवारात त्याला पुरले आहे.

सहिष्णुतेचे पत्र आणि राज्यशासनाचे प्रबंध आपले आहेत, हे त्याने पंधरा वर्षे कबूल केले नव्हते. लिंबोर्खने विश्वासाने सांगितलेले ते गुपित एका मित्राजवळ उघड केले, तेव्हा लॉक त्याच्यावर फार चिडला होता. मरणापूर्वी काही आठवडे त्याने मृत्युपत्राला एक पुरवणी जोडली. तिच्यात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला द्यावयाच्या निनावी पुस्तकांची नावे लिहून, ती आपण लिहिली आहेत असे त्याने प्रथमच नमूद केले.