देवासचे कै. कुमार गंधर्व

गायनात गळ्याचे बळ श्रेष्ठ की गीतातील भाव श्रोत्यांच्या अंतःकरणी पोहोचविण्याची हातोटी श्रेष्ठ, हा वाद आपल्या मैफलींत जुनाच आहे. इंदूरहून दहा-बारा कोसांवरील देवास येथे राहिलेले कै. पंडित कुमार गंधर्व यांच्या आयुष्यात मात्र तो केवळ वाद राहिला नाही.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक हुबेहूब तसाच गात असे. त्यामुळेच एका स्वामींनी त्यास कुमार गंधर्व म्हटले. मोठमोठ्या सभा चकित झाल्या. परंतु ते कौतुक गळ्याचे होते, त्यात त्याचे स्वतःचे सांगणे अद्याप यावयाचे होते. पुढे मुंबईस प्रा. देवधर यांच्यापाशी रीतसर अध्ययन झाले.

१९४७ साली भानुमतींशी विवाह झाला आणि थोड्याच काळात क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. सुमारे पाच वर्षे हा गवई अंथरुणास खिळून होता. भानुमतींनी शाळेत नोकरी करून संसार चालविला व शुश्रूषाही केली. रसिकांनी या माउलीचे ऋण अधिक आठवावयास हवे. कानांना मात्र कोणी बंदी घातली नव्हती. दारावरून जाणाऱ्या भजनी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने आणि माळव्यातील स्त्रियांची गीते ते ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसीन या नव्या औषधाने गुण आला व १९५२ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

दीर्घ दमाची गायकी आता दुरावली. त्यांनी लहान लहान स्वरवाक्ये योजिली. मध्येच तारस्वराची लखलखीत फेक, लगेच कुजबुजावे तसा हळुवार स्वर, आणि मध्ये शांतता. ही केवळ आजाराने लादलेली तडजोड, असे काही जाणकार म्हणत. आम्हांस ते पटत नाही. श्वास रोगाने तोकडा केला खरा, पण त्या श्वासात काय भरावयाचे हे त्यांनीच ठरविले.

त्यांच्या मधसुरजा रागातील बंदिशच पाहावी. बळी देण्यास नेलेला बकरा मातेची करुणा भाकतो, एवढाच तिचा विषय. नुसत्या पल्लेदार तानांनी तो जीव वाचविण्याचा आकांत उभा राहिला नसता. तेथे प्रत्येक स्वर घाबरलेला हवा. कबीरांच्या भजनांत तर त्यांनी पसारा जवळजवळ टाकूनच दिला. तंबोऱ्यांच्या नादात एकटा फिरस्ता बोलत आहे असे वाटते.

१९९० साली त्यांस पद्मविभूषण हा बहुमान लाभला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच, माताजींच्या टेकडीजवळील आपल्या घरी, त्यांनी देह ठेवला.