वा. ल. कुलकर्णी
वामन लक्ष्मण कुलकर्णी (१९११–१९९१) हे मराठी समीक्षक व साहित्याचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, चोपडे येथे झाला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात व नंतर मुंबई विद्यापीठात ते मराठीचे विभागप्रमुख होते. हैदराबाद येथे १९६५ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पार्श्वभूमी
कुलकर्णी यांच्या तरुणपणी मराठीत साहित्याच्या प्रयोजनाविषयी तीव्र वाद चालू होता. ना. सी. फडके कलेचा, तर वि. स. खांडेकर जीवनाचा कैवार घेत होते. लालजी पेंडसे यांनी 'साहित्य आणि समाजजीवन' (१९३५) या ग्रंथात मार्क्सवादी भूमिकेतून साहित्याचा संबंध समाजाच्या आर्थिक रचनेशी जोडला. कथेतील गरिबी, वर्ग व पैसा यांवरून कलाकृतीची थोरवी ठरवावी काय, हा प्रश्न त्यामुळे समीक्षेपुढे उभा राहिला.

समीक्षा
'वाङ्मयातील वादस्थळे' व 'वाङ्मयीन मते आणि मतभेद' या पुस्तकांतून कुलकर्णी यांनी अशा वादांचा परामर्श घेतला. साहित्याचे मोल वाङ्मयीन निकषांनीच ठरवले पाहिजे, ही त्यांची मुख्य धारणा होती. तथापि त्यांनी सामाजिक आशयाकडे पाठ फिरवली नाही. 'हरिभाऊंची सामाजिक कादंबरी' हा त्यांचा अभ्यास याची साक्ष देतो. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत मध्यमवर्गीय कुटुंबातील विधवेचे दुःख व परावलंबन चित्रित झाले आहे. अशी कादंबरी केवळ सामाजिक पुरावा म्हणून वाचली, तर तिच्यातील निवेदन व व्यक्तिचित्रण दृष्टिआड होते. केवळ रचना म्हणून वाचली, तर त्या दुःखाचे कारण नजरेतून सुटते. सामाजिक कादंबरीच्या समीक्षकाला या दोन्ही टोकांमधून वाट काढावी लागते.

एकेका लेखकाच्या समग्र लेखनाचा विचार करणारे ग्रंथ हे त्यांच्या कामाचे दुसरे वैशिष्ट्य होय. वामन मल्हार जोशी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, कृ. प्र. खाडिलकर व न. चिं. केळकर यांच्यावर त्यांनी असे ग्रंथ लिहिले. नवकाव्य व नवकथा यांच्या उदयकाळी त्यांनी नव्या लेखनाचे सहानुभूतीने विवेचन केले.

निवडक ग्रंथ
वामन मल्हार : वाङ्मयदर्शन
वाङ्मयातील वादस्थळे
वाङ्मयीन मते आणि मतभेद
श्रीपाद कृष्ण : वाङ्मयदर्शन
साहित्य आणि समीक्षा
नाटककार खाडिलकर : एक अभ्यास
हरिभाऊंची सामाजिक कादंबरी
मराठी कविता : जुनी आणि नवी

महत्त्व
साहित्याच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणाऱ्या मराठी समीक्षकांत कुलकर्णी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. विद्यापीठीय अध्यापन व नियतकालिकांतील वाङ्मयीन चर्चा या दोन्ही क्षेत्रांत ते वावरले. कलाकृतीतील समाज व कलाकृतीचे मोल यांचे नाते हा त्यांच्या काळातील प्रश्न आजही कादंबरीच्या अभ्यासकांपुढे आहे.