हेलसिंकीचे आठ दिवस

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एक वेडेपणा केला. आमच्या गावापासून तालुक्याच्या एस. टी. स्टँडपर्यंतचे अंतर एकवीस किलोमीटर. जाऊन येऊन बेचाळीस. मॅरेथॉनला वरचे १९५ मीटर लागतात, ते मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून भरून काढायचे ठरवले. शनिवारी एकदा आणि रविवारी पुन्हा एकदा, असा बेत. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री संघातली माझी निवड चार सेकंदांनी हुकली होती. राग कुणावर काढावा हे न कळल्यामुळे मी तो माझ्याच पायांवर काढला, असे म्हणा ना!

शनिवारी चार तास दहा मिनिटे लागली. धाकटा चुलतभाऊ सायकलवरून पाणी आणि गूळ-शेंगदाणे घेऊन बरोबर होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त खात होता. त्या रात्री मी फार खुशीत झोपलो. रविवारी पहाटे उठलो तेव्हा घराच्या तीन पायऱ्या उतरायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तरी निघालो. सत्ताविसाव्या किलोमीटरला पाय थांबले. त्यांनी माझी परवानगी विचारली नाही. पुढचे सगळे चालत, अधूनमधून दुडक्या चालीने, असे करून सहा तास वीस मिनिटांनी देवळापाशी पोचलो. आजीने अंगणातूनच हात जोडले. ते मारुतीला की मला, हे अजून कळलेले नाही.

पण हा लेख माझ्या पराक्रमाचा नव्हे. पुढचे चार दिवस गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याखेरीज दुसरे काही करता येत नव्हते, तेव्हा ग्रंथालयातून आणलेली ऑलिंपिकवरची दोन-तीन पुस्तके वाचून काढली आणि त्यांत एमिल झाटोपेक भेटला. नाव पूर्वी ऐकले होते. जिमखान्याच्या भिंतीवर त्याचे एक जुने चित्रही आहे. परंतु आठ दिवसांत बासष्ट किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावणे म्हणजे काय, हे कळायला माझे दोन दिवस खर्ची पडावे लागले.

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या मोराव्हिया प्रांतात, कोप्रिव्हनित्से या गावचा. घर गरीब, खाणारी तोंडे पुष्कळ. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो झ्लीन गावी बुटांच्या कारखान्यात लागला. हा कारखाना बाटाचा. आपल्याकडे शाळेचे बूट म्हणजे बाटा, इतके ते नाव अंगवळणी पडले आहे; कित्येकांना तर ती आपल्या देशातलीच कंपनी वाटते. कोलकात्याजवळचे बाटानगर १९३० च्या दशकात वसले ते याच कंपनीमुळे. तर तिच्या मूळ गावी हा पोरगा धूळ आणि रबराच्या वासात काम करी आणि रात्री शिकायला जाई. धावण्याची त्याला मुळीच आवड नव्हती.

१९४१ मध्ये कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने गावातल्या एका शर्यतीसाठी काही मुलांना नेमले, त्यांत हाही होता. त्याने तब्येत बरी नसल्याची सबब सांगितली. डॉक्टरने तपासून ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. मग काय, धावणे भाग पडले. सुमारे शंभर मुलांत तो दुसरा आला. (सबबी सांगणाऱ्या मित्रांनी या प्रसंगाची नोंद घ्यावी.) तिथून पुढे जे लागले ते लागलेच. देश जर्मनांच्या टाचेखाली होता, महायुद्ध चालू होते, आणि हा दिवसभराचे काम संपवून पळत होता. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तो सैन्यात गेला. पुढचे सारे विक्रम त्याने सैनिक म्हणून नोकरी करीत केले. त्या काळी ऑलिंपिकमध्ये पैशासाठी धावणाऱ्याला प्रवेशच नव्हता.

त्याच्या सरावाविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण आमच्यासारख्यांना खरे कुतूहल त्याचेच असते. लांब पल्ल्याचा धावपटू लांब लांब धावून तयार होतो, असा समज होता. झाटोपेकचा विचार असा की, सावकाश कसे धावायचे हे मला येतेच, शिकायचे आहे ते वेगाने धावणे. म्हणून तो चारशे मीटर जोरात धावे, मग तेवढ्याच नाही पण थोड्या अंतरात हलके पळून दम घेई, पुन्हा चारशे मीटर जोरात. असे वीस वेळा नव्हे, चाळीस वेळा, आणि पुढेपुढे त्याहूनही अधिक. ही पद्धत एकट्या त्याने शोधली असे नाही, जर्मनीत तसले प्रयोग आधी झाले होते. पण इतक्या टोकाला ती कुणी नेली नव्हती. जंगलातल्या वाटेवर, बर्फात, पायांत जड लष्करी बूट घालून तो धावे. त्या बुटांनंतर शर्यतीचे हलके बूट पायांत आहेत की नाहीत तेच कळत नसणार. मी हा चारशे मीटरचा प्रयोग आमच्या मैदानावर करून पाहिला. बाराव्या फेरीनंतर झाटोपेकविषयीचा माझा आदर दुप्पट झाला आणि मी घरी गेलो.

आणि धावणे कसे? तर अगदी बेढब. मान एका बाजूला कललेली, खांदे वर चढलेले, जीभ बाहेर, चेहरा असा पिळवटलेला की पाहणाऱ्याला वाटावे आता हा कोसळतो. धापांच्या आवाजावरून लोकांनी त्याला रेल्वेचे इंजिन हे नाव दिले. हातांची ठेवण कशी असावी यावर आम्हांला तासन्‌तास ऐकवले जाते. जिमखान्यातले ते चित्र समोर टांगलेले असताना ऐकवले जाते, ही त्यातली गंमत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटर जिंकले. पाच हजारांत मात्र चिखल आणि पावसात तो फार मागे राहिला, शेवटच्या फेरीत जिवाच्या आकांताने सुटला आणि बेल्जियमच्या गॅस्टन रीफपेक्षा अवघ्या ०.२ सेकंदांनी मागे पडला. माझे चार सेकंद त्यापुढे काय! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने भालाफेक करणाऱ्या डाना इंग्रोव्हाशी लग्न केले. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, एकाच तारखेचा. १९५१ मध्ये तासाभरात वीस किलोमीटरच्या पुढे धावणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

मग आले १९५२ चे हेलसिंकी. पण तिथे पोचण्याआधीच एक प्रसंग घडला, तो मला सगळ्या पदकांहून मोठा वाटतो. त्याच्या संघात युंगविर्ट नावाचा तरुण धावपटू होता. त्याचे वडील राजकीय कैदी म्हणून तुरुंगात होते, एवढ्यासाठी त्याचे नाव यादीतून काढण्यात आले. झाटोपेकने सांगितले की तो जाणार नसेल तर मीही जाणार नाही, आणि खरोखरच विमानात बसला नाही. त्या राजवटीत, सैन्यात नोकरी असताना, असे वागण्याची किंमत काय होऊ शकते हे त्याला पुरते ठाऊक होते. सरकारच शेवटी नमले आणि दोघेही मागाहून हेलसिंकीला पोचले.

२० जुलैला त्याने दहा हजार मीटर २९ मिनिटे १७ सेकंदांत जिंकले. २२ ला पाच हजारांची प्राथमिक फेरी. २४ ला अंतिम. शेवटच्या वळणाआधी त्याच्या पुढे तिघे होते: इंग्लंडचा चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि फ्रान्सचा मिमून. झाटोपेक वळणावरच बाहेरच्या बाजूने सुटला. चॅटवे कडेला अडखळून पडला, बाकीचे दोघे मागे राहिले, आणि १४ मिनिटे ६.६ सेकंदांत दुसरे सुवर्णपदक. त्याच दुपारी, थोड्याच वेळाने, डानाने ५०.४७ मीटर भाला फेकून तिसरे सुवर्णपदक घरात आणले.

इथे थोडे थांबून आपल्या माणसाची आठवण काढतो. या दोन शर्यतींच्या मधल्या दिवशी, म्हणजे २३ जुलैला, त्याच गावात आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून त्यांच्यासाठी सात हजार रुपये उभे केले होते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. एका दमवून टाकणाऱ्या कुस्तीनंतर विश्रांती न देता त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीला उभे केले, हेही माहीत आहे. माझ्या सत्ताविसाव्या किलोमीटरनंतर त्या हकिकतीचा अर्थ मला नव्याने कळला.

२७ जुलैला मॅरेथॉन. झाटोपेक जन्मात कधी मॅरेथॉन धावलेला नव्हता! स्पर्धेत इंग्लंडचा जिम पीटर्स होता; त्याने दीडएक महिन्यापूर्वीच या अंतराची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. झाटोपेकने साधा हिशेब केला: ज्याला यातले कळते त्याच्याबरोबर राहायचे. पीटर्स आरंभापासून भन्नाट सुटलेला. बऱ्याच अंतरानंतर झाटोपेकने त्याला शेजारी येऊन विचारले, की हा वेग ठीक आहे ना. पीटर्स थकत चालला होता, पण थाप मारून गेला की वेग जरा कमीच आहे. झाटोपेकने त्यावर विश्वास ठेवला आणि तो पुढे निघून गेला. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक वाटेत पोलिसांशी, प्रेक्षकांशी बोलत एकटाच स्टेडियममध्ये शिरला. २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद, ऑलिंपिकचा जुना विक्रम सहा मिनिटांहून अधिक फरकाने मोडला होता. अर्जेंटिनाचा गोर्नो दुसरा आला तो अडीच मिनिटांनी. जमैकाच्या रिले संघाने झाटोपेकला खांद्यावर घेऊन मिरवले. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

पुढचे विक्रम भराभर सांगतो. १९५४ मध्ये ३० मे रोजी पॅरिसजवळ पाच हजार मीटरचा विश्वविक्रम, आणि एका दिवसाआड १ जूनला ब्रसेल्समध्ये दहा हजारांचा. एकंदर अठरा विश्वविक्रम त्याच्या नावावर होते. १९५६ ला मेलबर्नला तो हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठून गेला आणि मॅरेथॉनमध्ये सहावा आला. जिंकला तो मिमून. हेलसिंकीच्या दोन शर्यतींत आणि त्याआधी लंडनलाही झाटोपेकच्या मागे दुसरा आलेला तोच मिमून. तो शेवटच्या रेषेपलीकडे थांबून राहिला होता. झाटोपेक आला, बातमी कळताच टोपी काढून त्याला सलाम केला आणि मिठी मारली.

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने विक्रमांचा नुसता पाऊस पाडला, पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्याच्या नशिबी नव्हते. १९६६ मध्ये तो प्रागला आला होता. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके कोंबले. विमान उडाल्यावर क्लार्कने ते उघडले तर आत हेलसिंकीचे दहा हजार मीटरचे पदक.

इथवर वाचले तेव्हा मी त्याला देवळात बसवून मोकळा झालो होतो. त्याच्या पुढचे आयुष्य वाचले आणि घोटाळा झाला.

१९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मोकळे वारे वाहू लागले. त्या बाजूच्या जाहीरनाम्यावर झाटोपेकने सही केली. ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे प्रागमध्ये घुसले, तेव्हा तो रस्त्यावर उतरला, रणगाड्यांवरच्या पोरसवदा सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलला, रशियाला मेक्सिको ऑलिंपिकमधून वगळा अशी मागणीही त्याने केली. मग व्हायचे तेच झाले. पक्षातून काढले, सैन्यातून काढले. कर्नलच्या हुद्द्याचा माणूस पाण्यासाठी जमिनीत भोके पाडणाऱ्या टोळीत मजूर म्हणून गावोगाव हिंडू लागला. मुक्काम चाकांवरच्या खोपटात, घरी यायचे ते आठवड्याने. आणि १९७०-७१ च्या सुमारास त्याने आपली आधीची मते जाहीरपणे मागे घेतली.

युंगविर्टसाठी विमान सोडणारा हाच का तो? मला फार वाईट वाटले. खरे सांगायचे तर फसवल्यासारखे वाटले. आमच्या इतिहासाच्या सरांपाशी मी तावातावाने बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की सत्तेचाळिसाव्या वर्षी तुझी नोकरी, मान, मित्र सगळे काढून घेतले आणि शेजारी बायको उभी असली, तर तू काय करशील? मला उत्तर देता आले नाही. दोन दिवस मी सरांवर रागावून होतो. आजही माझे मत असे आहे की त्याने वाकायला नको होते. पण हे मत मी हल्ली जरा हळू आवाजात सांगतो. वाकूनही त्याला फारसे काही परत मिळाले नाहीच. काही वर्षांनी प्रागमध्ये भाषांतराचे, कागदपत्रांचे कारकुनी काम मिळाले, एवढेच. त्याला भाषा पुष्कळ येत. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला. अंत्यविधी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाला, जगभरचे धावपटू आले होते. डाना त्याच्यामागे २०२० पर्यंत होती.

या उन्हाळ्यात आमच्या रानात बोअर मारायला गाडी आली होती. तामिळनाडूकडची माणसे. दिवसभर धुळीचा लोट, कानठळ्या बसवणारा आवाज. दोनशे फुटांपर्यंत नुसता भुगा, मग ओल लागली. रात्री मी त्यांच्यासाठी भाकरी-पिठले घेऊन गेलो. चौघे गाडीखालीच अंथरूण टाकून बसले होते. त्यांच्यातला एक पन्नाशीचा माणूस एकीकडे बसून चिखलाने भरलेले बूट दगडावर आपटत होता. मी मोडक्या हिंदीत विचारले, घरी कधी जाणार? त्याने तीन बोटे दाखवली. तीन दिवस की तीन महिने, ते मला विचारवले नाही. त्याने दुसरा बूट उचलला, आत हात घालून खडे काढले आणि दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी मांडून ठेवले.