मालवणचे आघारकर: जर्मनीच्या कैदेतून सुटले, पुण्यात संस्था उभारली आणि आज तिथे देशभरातली बुरशी जपली जाते

पाऊस सुरू झाला की कोकणात वारुळांच्या आसपास अळंबी उगवतात आणि मोबाईलवर औषधी मशरूमचे मेसेज. हे मशरूम शुगर घालवतं, ते कॅन्सर बरा करतं, असे दावे असतात. यातलं खरं किती हे तपासायचं, तर आधी ती अळंबी नेमकी कोणती हे कळायला हवं. हे काम करणाऱ्या देशातल्या महत्त्वाच्या संस्थेचा पाया मालवणच्या एका माणसाने घातला. त्यांचं नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८८४ सालचा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. सुट्टीत सह्याद्रीत भटकायचं, झाडं आणि जीव गोळा करायचे, हा त्यांचा नाद. साताऱ्याकडच्या नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर या गटातले जेलीफिश फक्त आफ्रिकेत असतात असं मानलं जायचं.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं आणि ते जर्मनीला गेले. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे जर्मनीने त्यांना नजरकैदेत टाकलं. सुटका झाल्यावर त्यांनी अभ्यास पुन्हा हाती घेतला. वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो, यावर बर्लिनमधून डॉक्टरेट मिळवूनच ते परतले.

कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आराम केला नाही. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक आघारकर. १९६० साली निधन होईपर्यंत ते संस्थेसाठी झटत राहिले.

आघारकर स्वतः बुरशीतज्ज्ञ नव्हते. पण त्यांच्या संस्थेत एम. एन. कामत यांनी बुरशीशास्त्राचा विभाग वाढवला. १९९२ साली संस्थेला आघारकरांचं नाव मिळालं. आज तिथे वाळवलेल्या बुरशींचा मोठा संग्रह आहे आणि जिवंत बुरशींचं राष्ट्रीय भांडारही आहे.

याचा मशरूमच्या औषधी गुणांशी काय संबंध? आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, तसं बुरशीच्या पेशींत अर्गोस्टेरॉल असतं. हा स्टेरॉइड गटातलाच पदार्थ. अळंबी उन्हात ठेवली की त्यातल्या काही अर्गोस्टेरॉलचं ड२ जीवनसत्त्व बनतं. बुरशीवरची काही औषधंही याच पदार्थावर मारा करतात.

गॅनोडर्मा, म्हणजे बाजारात रेशी नावाने विकली जाणारी बुरशी, हिच्यात स्टेरॉइडशी नातं सांगणारी गॅनोडेरिक आम्लं असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर त्यांचे परिणाम दिसले आहेत. पण काचेच्या बशीत पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यात मोठं अंतर आहे. शिवाय गॅनोडर्माच्याच काही जाती माडाचा बुंधा कुजवतात. जात बदलली की आतली रसायनंही बदलू शकतात.

म्हणून ओळख चुकली की पुढचं संशोधनही चुकतं. रानातल्या अळंबीबाबत तर ही चूक जिवावर बेतते, कारण विषारी जाती दिसायला खाण्याच्या अळंबीसारख्याच असू शकतात. डबीवर औषधी मशरूम लिहिलेलं दिसलं, तर त्यात नेमकी कोणती जात आहे आणि माणसांवर चाचण्या झाल्यात का, हे आधी विचारावं. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.