रूसोचे कान आणि रूसोच्या रात्री

ज्याँ-जॅक रूसो हे नाव राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटते. ‘सामाजिक करार’ लिहिणारा आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या अकरा वर्षे आधीच मरण पावूनही त्या क्रांतीचा वैचारिक जनक मानला गेलेला हा तत्त्वज्ञ. त्याच्या विचारांवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. त्याच्या कानांविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. वास्तविक त्याच्या बहुतेक लेखनाची पहिली जुळणी ज्या वेळी झाली, ती वेळ त्याला या कानांच्या दुखण्याबरोबरच लाभली होती.

रूसोचा जन्म २८ जून १७१२ रोजी जिनिव्हात, एका घड्याळजीच्या घरी झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याने शहर सोडले आणि भटकत भटकत मादाम द वॉरेन्स या बाईंच्या आश्रयास आला. पुढे शांबेरीजवळच्या ले शार्मेत या टेकडीवरच्या घरात बाग, कबुतरे, मधमाश्या आणि पुस्तके यांच्या सहवासात त्याचे दिवस चालले होते.

तेथेच, १७३६च्या सुमारास, एका सकाळी छोट्या मेजाची फळी पायावर बसवीत असताना त्याच्या शरीरात एकाएकी वादळ उठले. धमन्या इतक्या जोराने उडू लागल्या की त्यांचे ठोके त्याला नुसते जाणवेनात, तर ऐकू येऊ लागले. कानांत एकच कल्लोळ माजला. ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात त्याने या कल्लोळातले चार आवाज वेगवेगळे सांगितले आहेत : एक खोल, पोकळ घुमणे, दुसरे वाहत्या पाण्यासारखे खळाळणे, तिसरी तीक्ष्ण शीळ, आणि चौथे नाडीचे ठोके, जे मनगटाला हात न लावता मोजता येत. संगीताचा कान असलेल्या माणसाचेच हे वर्णन. आजचा कानाचा डॉक्टर यातला चौथा आवाज निराळा काढील, कारण नाडीबरोबर चालणाऱ्या कर्णनादाचे मूळ बरेचदा रक्तवाहिन्यांत शोधावे लागते.

आपण मेलोच, असे समजून रूसोने अंथरूण धरले. वैद्याचे उपाय झाले. कित्येक आठवडे लोटले. उतार पडला नाही आणि दुखणे वाढलेही नाही. अखेर तो उठला आणि कानांतला कल्लोळ घेऊनच रोजच्या कामाला लागला. बाहेरचे आवाज मंद झाले, आतले थांबले नाहीत. तीस वर्षांनंतर आत्मचरित्र लिहितानाही ते क्षणभर थांबले नव्हते, असे तो नोंदवतो. तोवर गाढ झोपेचा धनी असलेल्या या तरुणाची झोपही त्याच सकाळपासून उडाली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रूसो प्रकृतीविषयी कमालीचा हळवा होता. वैद्यकाची पुस्तके वाचून हृदयात गाठ झाल्याचे त्याच्या मनाने घेतले आणि १७३७ साली तो उपचारांसाठी माँपेलिएला गेला. तेथील डॉक्टरांनी त्याला बहुधा मनाचाच रोगी ठरविले. वाटेत एका बाईंशी सूत जमले तेव्हा तो दुखणे पार विसरलाही होता! पण म्हणून कानांतले आवाज खोटे ठरत नाहीत. लक्ष दुसरीकडे गुंतले की कर्णनाद मागे पडतो आणि रात्रीच्या शांततेत पुन्हा पुढे येतो, हा अनुभव पुष्कळ रुग्णांना परिचित आहे. रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी तो अधिक छळतो, असेही कित्येकजण सांगतात. गाढ झोपेत मेंदूत उठणाऱ्या मोठ्या, संथ लहरी या आवाजाला दाबून टाकीत असाव्यात, अशी कल्पना ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडली. दुपारच्या डुलकीनंतर काहींचा कर्णनाद एकदम का वाढतो, याचाही अभ्यास फ्रान्समध्ये झाला आहे. रूसोच्या काळी यातले काहीच नव्हते.

त्याने या जागरणाचे काय केले? १७४९ साली दिजाँच्या अकादमीच्या स्पर्धेसाठी निबंध लिहायला घेतला तेव्हा तो अंथरुणात डोळे मिटून पडे आणि एकेक वाक्य मनात पुन:पुन्हा फिरवी. मात्र उठून कपडे करीपर्यंत सारे विसरून जाई. म्हणून सकाळी चूल पेटवायला येणाऱ्या तेरेझ या त्याच्या सहचारिणीच्या आईला तो पलंगावरूनच मजकूर सांगे आणि ती उतरवून घेई. १७५० साली त्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि रूसोचे नाव युरोपभर झाले. पुढच्या लेखनातही बहुधा हीच पद्धत राहिली. मुलांच्या शिक्षणावरचा ‘एमिल’ही त्यातलाच, स्वतःची पाच मुले अनाथालयात पाठविणाऱ्या बापाचा, हे विसरता येत नाही.

माँमोरांसीला राहत असताना डोळे जड होईपर्यंत बायबल वाचायचे, मेणबत्ती विझवायची आणि मिळाली तर क्षणभराची डुलकी घ्यायची, असा त्याचा क्रम होता. अशा रीतीने संपूर्ण बायबलची त्याची पाच-सहा पारायणे झाली. ८ जून १७६२च्या रात्री तो नेहमीपेक्षाही अधिक वेळ जागा होता. त्याच रात्री अटकेचा हुकूम निघत असल्याचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फ्रान्स सोडण्यासाठी घर सोडले. ‘एमिल’ पॅरिसमध्ये जाळण्यात आले.

१७६५च्या शरदात स्वित्झर्लंडमधील बिएन सरोवरातल्या सँ-पिएर बेटावर त्याला जेमतेम सहा आठवडे मिळाले. नावेत उताणे पडून तो तासन्‌तास पाण्यावर वाहवत जाई. संध्याकाळी काठावर बसे. लाटांचा अखंड, मधूनच चढणारा आवाज त्याच्या मनातली खळबळ शांत करी आणि रात्र केव्हा झाली ते त्याला कळत नसे. अखेरच्या, अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकात त्याने हे आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस म्हणून वर्णिले आहेत. कानांचा उल्लेख तो तेथे करीत नाही. परंतु कर्णनादाच्या रुग्णाने निजताना खोली अगदी नि:शब्द ठेवू नये, पाण्याचा वा पंख्याचा मंद आवाज असू द्यावा, हा आजचा सल्ला ठाऊक असणाऱ्याला ती पाने वाचताना त्याच्या कानांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

तेथूनही त्याला हुसकावण्यात आले. २ जुलै १७७८ रोजी एर्मनोंव्हील येथे त्याचा मृत्यू झाला. तेथील तळ्यातल्या, उंच पॉप्लर वृक्षांच्या एका लहानशा बेटावर त्याला पुरण्यात आले. सोळा वर्षांनी, ऑक्टोबर १७९४ मध्ये, क्रांतिकारक सरकारने त्याच्या अस्थी वाजतगाजत पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलविल्या.