रॉबर्ट वुड जॉन्सन

तान्ह्या मुलाला न्हाऊ घालून झाले म्हणजे त्याच्या अंगाला पांढरी सुवासिक पावडर लावण्याची चाल आमच्या तळोजा परिसरात कित्येक घरी आढळते. त्या डब्यावरील जॉन्सन हे नाव अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंसही ठाऊक असते. परंतु हे जॉन्सन कोण, असे विचारल्यास आमच्यापैकी बहुतेक निरुत्तर होतात. म्हणून त्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही येथे वाचकांस सादर करीत आहोत.

रॉबर्ट वुड जॉन्सन ह्यांचा जन्म १८४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी ह्या गावी एका नातलगाच्या औषधालयात उमेदवार म्हणून राहिले. औषधी लेप लावलेल्या पट्ट्या तयार करण्याची कला त्यांनी तेथेच हस्तगत केली आणि तीच त्यांच्या पुढील भाग्याची पायरी ठरली. पुढे न्यूयॉर्क शहरात सीबरी नामक गृहस्थांशी भागी करून त्यांनी ह्याच वस्तूंचा धंदा चालविला.

त्या काळी शस्त्रक्रियेची स्थिती मोठी शोचनीय होती. हात न धुता शस्त्रे चालविली जात आणि रोगी शस्त्रापेक्षा जखम सडल्यानेच अधिक दगावत. सूक्ष्म जंतू हे त्याचे कारण असून ते नष्ट केले पाहिजेत, असे इंग्लंडातील डॉक्टर लिस्टर सांगत होते; पण पुष्कळ डॉक्टर त्यांची थट्टाच करीत. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे लिस्टर ह्यांचे व्याख्यान झाले व ते जॉन्सन ह्यांनी ऐकले, असे सांगतात. जंतुरहित केलेला कापूस व पट्ट्या बांधून तयारच पुरविल्या, तर खेड्यातील डॉक्टरासही त्यांचा उपयोग होईल, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

तो फळास येण्यास दहा वर्षे लागली. १८८६ साली जेम्स व एडवर्ड ह्या बंधूंसह त्यांनी न्यू ब्रन्सविक येथे कारखाना काढला. एका जुन्या इमारतीचा चौथा मजला आणि अवघी चौदा माणसे, त्यांतही आठ स्त्रिया, एवढेच भांडवल म्हणावे! फ्रेड किल्मर हे विद्वान औषधशास्त्रज्ञही लवकरच त्यांस येऊन मिळाले. पट्ट्यांमुळे कातडीला दाह होतो, अशी एका डॉक्टराची तक्रार आली, तेव्हा किल्मर ह्यांनी शंखजिऱ्याची पूड पाठविली. तिची मागणी वाढत गेली व १८९४ च्या सुमारास बालकांची पावडर बाजारात आली. घरी होणाऱ्या बाळंतपणासाठी स्वच्छ साहित्याच्या पेट्याही त्यांनी विकावयास काढल्या.

१९१० साली रॉबर्ट जॉन्सन निवर्तले. त्यांच्यामागे प्रथम बंधू जेम्स व पुढे त्याच नावाचे पुत्र ह्यांनी धुरा वाहिली. ह्या पुत्रांनी १९४३ साली कंपनीचे एक धर्मसूत्र लिहिले. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण व माता ह्यांचे हित प्रथम आणि भागीदारांचा नफा शेवटी, असा त्याचा आशय आहे. १९४४ साली भाग सर्वांस खुले झाले व निव्वळ घरची मालकी संपली. १९४७ साली ही पावडर हिंदुस्थानात आली आणि पुढे आमच्या खाडीपलीकडे मुलुंड येथे कारखाना उभा राहिला.

परंतु ह्या कथेस दुसरी बाजूही आहे. पावडरीने कर्करोग झाल्याचा आरोप करून अमेरिकेत सहस्रावधी लोकांनी दावे लावले. कंपनीने आरोप नाकारला. तथापि शंखजिऱ्याची पावडर बंद करून २०२३ पासून जगभर मक्याच्या पिठाची पावडर वापरण्याचे तिने ठरविले. त्याच वर्षी हा बालोपयोगी व्यवसायही मूळ कंपनीपासून वेगळा झाला.

विद्यार्थिमित्रहो, लिस्टर ह्यांची थट्टा होत असता ज्याने सत्य ओळखले, त्याची दृष्टी थोर होय ह्यात संशय नाही. पण पूर्वजांनी मिळविलेला विश्वास वतनासारखा वारसांकडे आपोआप येत नाही. आई ज्या भरवशाने लेकराच्या अंगाला एखादी वस्तू लावते, तो भरवसा प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो. आमच्या तळोज्याच्या कारखान्यांत उद्या ज्यांस काम करावयाचे आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.